लॅपटॉपची पारख

(लॅपटॉप ही रोज घ्यायची वस्तू नव्हे. अनेक घरांत ती वर्ष-दोन वर्षे पैसे साठवून घेतली जाते. निवड चुकली, तर ती चूक चार-पाच वर्षे सोबत राहते. आपली गरज आणि आपला पैसा यांचा मेळ घालून भरवशाचा लॅपटॉप कसा निवडावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुम्ही अम्मीबरोबर बाजारात जात असाल. मडके घेताना ती काय करते? बोटाने टिचकी मारते आणि आवाज ऐकते. कापड घेताना ते मुठीत चुरगळून पाहते. तांदूळ घेताना दोन दाणे दाताखाली चावून पाहते. यालाच पारख म्हणतात. पण लॅपटॉपला टिचकी मारून काही कळत नाही. त्याचे गुण आणि दोष झाकणाच्या आत दडलेले असतात. म्हणून लॅपटॉप घेताना बहुतेक माणसे दोनच गोष्टींवर विसंबून राहतात. एक म्हणजे कंपनीचे नाव आणि दुसरी म्हणजे दुकानदाराचा शब्द. या दोन्ही गोष्टींचा उपयोग आहे. पण तेवढ्यावर काम भागत नाही.

आधी कंपनीच्या नावाचा विचार करू. १९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बॉर्न १’ नावाचा संगणक विक्रीला आला. तो पेटीसारखा बंद करून हातात धरून नेता येत असे; पण त्याचे वजन सुमारे ११ किलो होते! त्याचा पडदा केवळ पाच इंचांचा होता. तरीही लोकांनी तो आवडीने विकत घेतला. पुढे काय झाले? दोनच वर्षांत, १९८३ साली, त्या कंपनीचे दिवाळे निघाले. १९८५ साली जपानच्या तोशिबा कंपनीने मांडीवर मावेल आणि बॅटरीवर चालेल असा संगणक बाजारात आणला. तोशिबाच्या लॅपटॉपचे नाव जगभर झाले. पण २०२० साली ती कंपनीही या धंद्यातून पूर्णपणे बाहेर पडली. सोनी कंपनीने आपला ‘वायो’ हा लॅपटॉपचा धंदा २०१४ साली दुसऱ्यांच्या हाती दिला. ‘कॉम्पॅक’ ही एके काळची मोठी कंपनी २००२ साली एचपी कंपनीत मिसळून गेली. ही सारी नावे मोठी होती. तेव्हा नाव मोठे असणे आणि ते आपल्या उपयोगी पडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आज आपल्या बाजारात एचपी, डेल, लेनोवो, एसर, आसुस, अ‍ॅपल ही नावे दिसतात. “यांतली सर्वांत चांगली कंपनी कोणती?” असा प्रश्न सगळे विचारतात. या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कारण एकच कंपनी अनेक प्रकारचे लॅपटॉप बनवते. लेनोवोचेच उदाहरण घ्या. तिची ‘थिंकपॅड’ ही मालिका कचेरीतल्या रोजच्या कामासाठी आहे आणि ‘आयडियापॅड’ ही मालिका घरगुती वापरासाठी आहे. दोन्हींवर नाव एकाच कंपनीचे असते. पण बांधणी वेगळी आणि किंमतही वेगळी. म्हणून “कोणती कंपनी?” हा प्रश्न पहिला नव्हे, शेवटचा आहे. पहिला प्रश्न आहे, “मला लॅपटॉप कशासाठी हवा?”

हे नीट समजण्यासाठी एका घराची कल्पना करू. हे घर मालेगावात आहे. अब्बा यंत्रमागावर काम करतात. मोठी आपा बारावी झाली असून तिने वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला आहे. धाकटा भाऊ नववीत आहे. घरात भिशीचे ३०,००० रुपये आले आणि अम्मीने शिवणकामातून ६,००० रुपये बाजूला ठेवले. एकूण ३६,००० रुपये झाले. या पैशांत दोघांच्या शिक्षणासाठी एक लॅपटॉप घ्यायचा आहे. तो बिघडला, तर लगेच दुसरा घेणे शक्य नाही. अशा घराने विचार कसा करावा?

आपाने वहीचे एक पान घेतले आणि त्यावर कामे लिहिली. हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकायचे आहे. महाविद्यालयाचा प्रकल्प टंकलिखित करायचा आहे. शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज भरायचे आहेत. तासांच्या चित्रफिती पाहायच्या आहेत. भावाला टंकलेखन शिकायचे आहे आणि पुढे एमएस-सीआयटीचा सराव करायचा आहे. भाऊ म्हणाला, “आपा, खेळांचेही लिही ना!” आपा म्हणाली, “लिहिते, पण सर्वांत खाली.” तिने बरोबर केले. मोठमोठे खेळ खेळण्यासाठी किंवा चित्रपटाचे संकलन करण्यासाठी फार ताकदीचे यंत्र लागते आणि त्याची किंमतही फार असते. आपाच्या यादीतली बाकीची सर्व कामे साध्या लॅपटॉपवर उत्तम होतात. यादी केली नसती, तर न लागणाऱ्या ताकदीसाठी पैसे गेले असते.

यादी तयार झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा. लॅपटॉपच हवा का? यंत्र एकाच जागी ठेवायचे असेल, तर मेजावरचा संगणक तेवढ्याच ताकदीसाठी पुष्कळदा स्वस्त पडतो. त्याचे सुटे भाग बदलणेही सोपे असते. पण वीज गेली, की तो बंद पडतो आणि तो महाविद्यालयात नेता येत नाही. आपाला यंत्र सोबत न्यायचे आहे. घरही लहान आहे. म्हणून या घरासाठी लॅपटॉपच योग्य ठरला.

आता यंत्राच्या आत डोकावू. लॅपटॉपला स्वयंपाकघर समजा. स्वयंपाकघरात एक स्वयंपाकी असतो, एक ओटा असतो आणि सामानाचे एक फडताळ असते. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर हा स्वयंपाकी, रॅम हा ओटा आणि साठवणीची जागा हे फडताळ होय.

स्वयंपाकी हुशार असला, पण ओटा वीतभर असला, तर काम अडते. एक पातेले ठेवले, की दुसरे खाली उतरवावे लागते. रॅम कमी असली, की लॅपटॉपचे असेच होते. रॅम गिगाबाइटमध्ये मोजतात. विंडोज ११ या प्रणालीला किमान ४ गिगाबाइट रॅम लागते, असे ती बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी सांगते. पण किमान म्हणजे यंत्र सुरू होण्यापुरती. आरामात काम करण्यापुरती नव्हे. आपाच्या कामांसाठी ८ गिगाबाइट रॅम असावी. शिवाय ती पुढे वाढवता येईल का, हे विचारावे. काही लॅपटॉपमध्ये रॅम आतल्या पट्टीवर कायमची डाख देऊन जोडलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही.

आता फडताळ पाहू. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असे. तिच्यात एक चकती गरगर फिरते. आता तिच्या जागी एसएसडी आली आहे. तिच्यात फिरणारा भाग नसतो. त्यामुळे यंत्र लवकर सुरू होते आणि धक्का लागून बिघडण्याची भीती कमी होते. २५६ गिगाबाइटची एसएसडी विद्यार्थ्याला चालते; ५१२ गिगाबाइटची मिळाली तर अधिक चांगले. काही अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये केवळ ६४ गिगाबाइट जागा असते. विंडोज आणि तिच्यातल्या सुधारणा यांनीच ती भरत येते. असे यंत्र नवे असूनही काही महिन्यांत रेंगाळू लागते.

राहिला स्वयंपाकी, म्हणजे प्रोसेसर. तो मुख्यतः इंटेल किंवा एएमडी या कंपन्यांचा असतो. त्यावर ‘आय-थ्री’, ‘आय-फाइव्ह’, ‘रायझन थ्री’, ‘रायझन फाइव्ह’ अशी नावे असतात. आकडा मोठा, म्हणजे यंत्र चांगले, असे लोक समजतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रोसेसरच्या पिढ्या असतात. दहा वर्षांपूर्वीचा आय-सेव्हन हा आजच्या आय-थ्रीच्या मागे पडू शकतो. म्हणून नुसते नाव विचारू नका, “कोणत्या पिढीचा? कोणत्या वर्षीचा?” हेही विचारा.

काही गोष्टी मात्र डोळ्यांनी आणि हातांनी पारखता येतात. पडदा उजळ आहे का? बाजूने पाहिल्यावर अक्षरे फिकट तर होत नाहीत ना? कळफलकावर दोन ओळी टंकलिखित करून पाहा. झाकण चार वेळा उघडून मिटून पाहा. बिजागरी ढिली असेल तर लगेच समजते. पिशवीत घालून उचलून पाहा. रोज बसने जाणाऱ्या मुलीला दीड किलो आणि अडीच किलो यांतला फरक आठवड्याभरात कळतो!

बॅटरीचा हिशेब तर तुम्हांला गणिताच्या तासाला करता येईल. बॅटरीवर तिची क्षमता वॉट-तासांत लिहिलेली असते. समजा, बॅटरी ४० वॉट-तासांची आहे आणि टंकलेखन करताना लॅपटॉप ८ वॉट वीज घेतो. ४० भागिले ८ म्हणजे ५ तास. चित्रफीत पाहताना तो १० वॉट घेत असेल, तर तीच बॅटरी ४ तास पुरेल. वापराबरोबर बॅटरीची क्षमता हळूहळू घटते. म्हणून जाहिरातीत लिहिलेले तास जसेच्या तसे मिळतील असे समजू नका.

आपण उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत लिहितो. “माझ्या लॅपटॉपवर उर्दू येईल का?” अशी शंका पुष्कळांना असते. विंडोजमध्ये उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांचे कळफलक असतातच. फक्त ते सुरू करावे लागतात. उर्दूसाठी नस्तालीक वळणाचे टंकही मोफत मिळतात. ‘लिब्रेऑफिस’ हे पत्रे, तक्ते आणि प्रकल्प लिहिण्याचे सॉफ्टवेअरही मोफत आहे. म्हणून “उर्दू टाकून देतो, इतके पैसे जास्त पडतील,” असे कोणी म्हणाले, तर आधी चौकशी करा.

आता पैशांकडे वळू. येथे दिलेले आकडे हिशेब शिकण्यासाठी आहेत. बाजारातल्या किमती तर सारख्या बदलत असतात. हाती ३६,००० रुपये असले, म्हणजे ३६,००० रुपयांचा लॅपटॉप घ्यावा असे नाही. आपाने अंदाजपत्रक केले. लॅपटॉपसाठी जास्तीत जास्त ३३,००० रुपये. पिशवी, माऊस आणि पेन ड्राइव्ह यांसाठी १,५०० रुपये. उरलेले १,५०० रुपये अडीअडचणीसाठी. पेन ड्राइव्ह कशाला? यंत्र बिघडले, तर नवे भाग मिळतात. पण त्यात लिहिलेला प्रकल्प बाजारात विकत मिळत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामाची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी.

हप्त्याने घ्यायचे असेल, तर हप्ता किती हे पाहून थांबू नका. समजा, लॅपटॉपची रोख किंमत ३४,००० रुपये आहे आणि १२ हप्ते प्रत्येकी ३,२०० रुपयांचे आहेत. १२ गुणिले ३,२०० म्हणजे ३८,४०० रुपये. म्हणजे ४,४०० रुपये जास्त गेले. हप्ता लहान दिसतो, म्हणून हा फरक नजरेतून सुटतो. तसेच “मूळ किंमत ५०,०००, आज फक्त ३४,०००” अशा पाटीची भुरळ पडू देऊ नका. तेच मॉडेल इतर दोन दुकानांत केवढ्याला आहे, हे पाहिल्यावर खरी सूट कळते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते!

गरज ठरली, पैसा ठरला, यंत्राचे गुणही ठरले. आता कंपनीची पाळी आली. भरवशाची कंपनी कोणती? यंत्र कधी ना कधी बिघडणारच. ते बिघडल्यावर जी वेळेवर आणि जवळ मदत देते, ती आपल्यासाठी भरवशाची कंपनी. आपा आणि अब्बा दुकानात गेले, तेव्हाचे बोलणे ऐका.

दुकानदार : या चाचा! हा लॅपटॉप पाहा. ३१,८०० रुपये. मोठ्या कंपनीचा आहे. डोळे झाकून घेऊन जा.

अब्बा : भाई, डोळे झाकून तर आम्ही मीठही घेत नाही. बेटी, तू विचार.

आपा : याची रॅम किती आहे? आणि पुढे वाढवता येईल का?

दुकानदार : आठ गिगाबाइट. एक जागा रिकामी आहे, वाढवता येईल.

आपा : हमी किती वर्षांची? आणि बिघडला तर कोठे न्यायचा?

दुकानदार : हमी एक वर्षाची. यंत्र मात्र नाशिकच्या सेवा केंद्रावर न्यावे लागेल.

आपा : कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करील, असा एखादा आहे का?

दुकानदार : आहे ना. हा दुसऱ्या कंपनीचा. गुण सारखेच, हमीही एक वर्षाची. ३२,९०० रुपये.

अब्बा थोडे घुटमळले. १,१०० रुपयांचा फरक होता. पण आपाने हिशेब मांडला. मालेगावहून नाशिक सुमारे १०० किलोमीटर. यंत्र द्यायला एक खेप आणि परत आणायला एक खेप. दोन खेपा म्हणजे जाऊन-येऊन ४०० किलोमीटर! बसभाडे लागणार आणि अब्बांची दोन दिवसांची मजुरी बुडणार. १,१०० रुपयांत ही दगदग वाचत होती. अब्बांनी मान डोलावली. या घरासाठी दुसरी कंपनी चांगली ठरली. नाशिकमध्ये सेवा केंद्राशेजारी राहणाऱ्या मुलासाठी कदाचित पहिलीच चांगली ठरली असती. म्हणजे प्रश्न कंपनी लहान की मोठी हा नव्हता. तुमच्या गावाला ती किती जवळची, हा होता.

हमीच्या कागदावर बारीक अक्षरांत बरेच काही लिहिलेले असते. ते वाचावे. यंत्र हातातून पडले किंवा त्यावर चहा सांडला, तर नेहमीच्या हमीत ती दुरुस्ती धरत नाहीत. बॅटरीची हमी वेगळी आणि कमी मुदतीची असू शकते.

काहींच्या घरी नवा लॅपटॉप घेण्याइतके पैसे नसतात. त्यात कमीपणा मानू नका. वापरलेला लॅपटॉप पारखून घेतला, तर तोही चांगले काम देतो. मोठमोठ्या कचेऱ्या तीन-चार वर्षे वापरून आपले लॅपटॉप विकून टाकतात. ते मजबूत बांधणीचे असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकांचा मोठा बाजार आहे. तेथे असे लॅपटॉप मिळतात. मात्र येथे पारख अधिक लागते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ मात्र सर्व जुन्या यंत्रांवर चालत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. असा लॅपटॉप स्वस्तात मिळाला, तर तो स्वस्त का आहे हे आता तुम्हांला कळेल. त्यावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली घालून काम भागवता येते. पण तुमचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालते का, हे आधी विचारावे. वापरलेले यंत्र दुकानातच अर्धा तास चालवून पाहावे. प्रत्येक कळ दाबावी. कॅमेरा, आवाज, वायफाय आणि चार्जर तपासावा. बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरली, याचा अहवाल यंत्रातूनच काढता येतो. तो दाखवायला सांगावे. आणि पावतीशिवाय वापरलेले यंत्र कधीही घेऊ नये. ते चोरीचे निघाले, तर पैसेही जातील आणि नावही जाईल.

नवे असो वा जुने, पैसे देताना घाई करू नका. खोके आपल्यासमोर उघडायला सांगा. प्रत्येक यंत्राला स्वतःचा अनुक्रमांक असतो. यंत्रावरचा, खोक्यावरचा आणि पावतीवरचा अनुक्रमांक एकच आहे ना, ते पाहा. हाच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घातला, की हमी कधीपर्यंत आहे ते समजते. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी असावी लागते; तिचे चिन्ह आहे का, तेही पाहा. “पावती नको असेल तर थोडे कमी करतो,” असे कोणी म्हटले, तर नम्रपणे नाही म्हणा. पावती नसली, तर हमी मागायला जाल कोणत्या तोंडाने?

इतके करूनही फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीला तक्रार सांगता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही. पण या सर्व ठिकाणी पहिली वस्तू मागतील ती पावतीच!

मुलांनो, “अंथरूण पाहून पाय पसरावे,” अशी मराठीत म्हण आहे. उर्दूत आपण चादरीचे उदाहरण देतो, अर्थ एकच. आपले अंथरूण लहान असेल, तर लाजू नये. पण ते मापून मात्र पाहावे. तुमच्या घरात लॅपटॉपचा विचार चालू असेल, तर दुकानात जाण्याआधी वहीचे एक पान घ्या. अब्बा-अम्मींजवळ बसा. कामे लिहा, पैसे लिहा, जवळचे सेवा केंद्र कोठे आहे ते लिहा. घरातल्या मोठ्यांनी कष्टाने पैसे साठवले आहेत. ते योग्य जागी लागावेत, यासाठी दुकानात चार प्रश्न विचारण्याचे काम आता तुम्ही करू शकता.

शब्दार्थ

पारख – चांगले-वाईट ओळखण्याची नजर
मेळ घालणे – जुळवून आणणे
भिशी – दरमहा ठरावीक पैसे जमवून ते पाळीपाळीने एकेकाला देण्याची पद्धत
फडताळ – भिंतीतले लहान कपाट
किमान – कमीत कमी
क्षमता – ताकद, कुवत
अंदाजपत्रक – खर्चाचा आधी मांडलेला हिशेब
भुरळ पडणे – मोह होणे
घुटमळणे – काय करावे ते न सुचून थांबणे
दाद मागणे – न्याय मागणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘ऑस्बॉर्न १’ या संगणकाचे वजन सुमारे किती होते?
(आ) लॅपटॉपमधील रॅमला लेखकाने कशाची उपमा दिली आहे?
(इ) महत्त्वाच्या कामाची प्रत यंत्राबाहेर का ठेवावी?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) आपाने १,१०० रुपये जास्त देऊन दुसरा लॅपटॉप पसंत केला.
(आ) पावतीशिवाय वापरलेला लॅपटॉप घेऊ नये.

प्रश्न ३. हिशेब करा.
लॅपटॉपची रोख किंमत २८,५०० रुपये आहे. हप्त्याने घेतल्यास ३,१५० रुपयांचे १० हप्ते भरावे लागतात. किती रुपये जास्त द्यावे लागतील?

प्रश्न ४. किंमत, हिशेब, बाजार, दुकान, खरेदी, फरक, मजुरी हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांच्या उर्दू आणि मराठी उच्चारांत काय फरक पडतो ते वर्गात म्हणून दाखवा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

प्रश्न ५. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ या म्हणीवर आपल्या पाहण्यातला एक प्रसंग पाच-सहा वाक्यांत लिहा.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा जवळच्या शहरातील लॅपटॉप सेवा केंद्रांची माहिती गोळा करा. कंपनी, पत्ता आणि शाळेपासूनचे अंतर यांचा तक्ता तयार करून वर्गात लावा.